उसना श्वास

रूबेन ग्विलियमला आवाज होता, सूर होता, बैलासारखी छाती होती, आणि ताल मोजायच्या नावानं शंख होता. ही गोष्ट आमच्या हॅलोब्रुक गावात कुणालाच ठाऊक नव्हती. त्याला स्वतःला नव्हती, त्याच्या बायकोला, नेस्टाला, नव्हती, आणि मी हिल्डा प्रॉसर, जिनं निम्म्या गावाला पियानोवर बोटं ठेवायला शिकवलं, त्या मलाही नव्हती. कळली तेव्हा मी आधी पोट धरून हसले आणि मग घरी जाऊन रडले. एरवी मला रडू सहजासहजी येत नाही. गावात माझी ख्याती दुसऱ्यांना रडवण्याबद्दल आहे.

ग्विलियमांचं दाण्याबियाण्यांचं दुकान बाजारचौकात. ओट, कोंबड्यांचं खाद्य, बेण्याचे बटाटे. काउंटरमागे रूबेन उभा असे, पण गिऱ्हाइकाशी बोलायचं काम नेस्टाचं. तीन शब्दांत भागत असेल तिथं हा माणूस दोनच वापरायचा आणि उरलेला शब्द जपून ठेवायचा. पण चॅपलमध्ये रविवारी आणि वसंतातल्या गाण्याच्या स्पर्धेत तो उभा राहून गायला लागला की मागच्या बाकांवरचे शेतकरीसुद्धा खोकायचं विसरत. चॅपलचा ऑर्गन माझ्याकडे, पण त्याच्यासाठी पियानोवर कायम नेस्टा. लग्नाआधीपासून तीच. दर गुरुवारी दुपारी, दुकानं अर्ध्या दिवसानं बंद झाली की त्यांच्या पुढच्या खोलीतून गाणं ऐकू यायचं, आणि चौकातली माणसं त्यावरून गुरुवार ओळखायची.

त्या नाताळाच्या आधी नेस्टाचं हृदय बिघडलं. हेरफर्डच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि जिने बंद, दुकान बंद, पियानो बंद असं सांगितलं.

"पियानो तर बसूनच वाजवतात," रूबेन म्हणाला. हे त्याच्या मानानं भाषणच झालं.

"तुम्ही तुमच्या बायकोला वाजवताना कधी पाहिलंय का?" डॉक्टर म्हणाले. आणि ते खरंच होतं. नेस्टा बोटांनी वाजवायचीच नाही, खांद्यांपासून टाचांपर्यंत सगळी बाई वाजवायची.

जानेवारीत तिनं मला बोलावून घेतलं. पुढच्या खोलीत कोचावर गुडघ्यांवर चादर घेऊन बसली होती. माणूस इतक्या लवकर एवढं वाळतं हे मला माहीत नव्हतं. मी मुद्दाम ताटलीतल्या केकबद्दल काहीतरी खोचक बोलले, कारण दुसरं काय बोलावं ते सुचेना.

"केकचं राहू दे," ती म्हणाली. "आता तू त्याच्याबरोबर वाजवायचंस."

"कोणाबरोबर?"

"हेरफर्डच्या बिशपबरोबर. कोणाबरोबर म्हणजे काय, हिल्डा? रूबेनबरोबर."

"तू बरी झालीस की तूच वाजव."

"मी बरी होणार नाही. डॉक्टर म्हणतात उन्हाळा बघीन. उन्हाळ्याच्या कुठल्या टोकापर्यंत ते त्यांना सांगता येईना. आता तोंड वाकडं करू नकोस, आधीच कुठं तू देखणी आहेस." मग तिनं माझा हात धरला आणि थट्टा थांबवली. "माझे सासरे आठवतात तुला? अ‍ॅमॉस?"

आठवत होते. म्हातारी गेली तसे अ‍ॅमॉस ग्विलियम शेगडीजवळच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. कुणी बोलायला गेलं तर मान हलवायचे, आणि पुढंपुढं तेही बंद झालं. रोग काही नव्हता. बसल्या बसल्या विझून गेले.

"रूबेन त्याच मातीचा आहे," नेस्टा म्हणाली. "फक्त त्याला गाणं आहे. तू बघितलं नसशील, पण गुरुवारी गाऊन झालं की चहा पिताना त्याची जीभ सुटते. कुणाची मेंढी अडली, कोण उधारी बुडवणार, लहानपणी नदीत कसा बुडत होता. सगळं तेव्हा. मी आठवडाभर त्या चहाची वाट बघते. मी गेले की गाणं बंद पडणार, आणि गाणं बंद पडलं की तोही त्या खुर्चीत जाऊन बसणार. म्हणून मी असतानाच त्याला दुसऱ्या कुणाबरोबर गायची सवय लागली पाहिजे. एप्रिलच्या स्पर्धेत तो गायला पाहिजे. तुझ्याबरोबर. एवढं एक कर माझं."

नाही कसं म्हणणार? मी हो म्हणाले. मनात म्हटलं, त्यात काय, मी वाजवीन, तो गाईल. उचलली जीभ लावली टाळ्याला.

आमच्या स्पर्धेत रीत अशी की पुरुषांच्या गटात सगळ्यांनी एकच ठरलेलं गाणं म्हणायचं. सहा-सात जण एकामागून एक तेच गातात, ऐकणारे कंटाळतात, पण तुलना चोख होते आणि वर्षभर भांडायला विषय मिळतो. त्या वर्षीचं गाणं समितीनं निवडलं ते असं: एक माणूस मरणाच्या दारात आहे आणि आपल्या प्रियेला सांगतो आहे, की बागेच्या फाटकापर्यंत माझ्यासोबत ये, पुढची वाट माझी एकट्याची. मग परत जा, सफरचंदं उतरव, त्यांची सायडर दारू घाल, आणि पहिला पेला माझ्यासाठी बाजूला ठेवू नकोस, जो दारात येईल त्याला दे. आमच्याच बाजूच्या एका शाळामास्तरानं त्याला चाल दिली होती. चाल साधी, पण साधी चाल म्हणजे लपायला जागा नाही.

रूबेननं कागद वाचला आणि पियानोवर पालथा ठेवला.

"हे मी तुझ्यासमोर म्हणू?" तो नेस्टाला म्हणाला.

"मग कुणासमोर म्हणणार? शेजारणीसमोर?"

"समितीला दुसरं गाणं मिळालं नाही?"

"समितीला माझ्या हृदयाची खबर नव्हती. असती तरी त्यांनी मत घेतलं असतं आणि हेच ठरवलं असतं. म्हण आता. हिल्डाचा चहा गार होतोय."

तो उभा राहिला. मी सुरुवात वाजवली. या गाण्यात आधी पियानो थोडा एकटाच चालतो, चाहूल लागल्यासारखा, आणि मग गाणाऱ्यानं नेमक्या जागी गाणं उचलायचं. रूबेननं ते असं अचूक उचललं की मला वाटलं, झालं, माझं काम संपलं. तिन्ही कडवी म्हणाला. आवाज दोनदा फाटला, पण ते आवाजामुळे नव्हतं. नेस्टा डोळे मिटून ऐकत होती. नंतर चहा पिताना त्यानं खरोखरच आम्हाला एका डुकराची लांबलचक गोष्ट सांगितली.

असे तीन-चार गुरुवार झाले. मग एका गुरुवारी नेस्टाला रात्रभर झोप नव्हती म्हणून डॉक्टरांनी घरात आवाज नको सांगितलं, आणि रूबेन माझ्याकडे आला. टोपी हातात, मिशीला पाऊस. मी सुरुवात वाजवली. उचलायची जागा आली आणि गेली. तो माझ्याकडे बघत उभा.

"काय झालं?"

"काही नाही. पुन्हा."

पुन्हा वाजवलं. या वेळी तो इतक्या उशिरा आला की मी पुढच्या वळणावर पोचले होते. तिसऱ्यांदा लवकर आला. चौथ्यांदा आलाच नाही. मी म्हटलं, "रूबेन, मोज." त्यानं मान डोलावली आणि ओठ हलवत मोजायला लागला, चेहरा असा की जणू ओट मापतोय. मोजून झाल्यावर बरोबर चुकीच्या जागी उचललं.

माझा पारा चढला. मी म्हटलं, "तुझ्या घरी तर लोण्यातून सुरी जावी तसा येतोस. माझा पियानो तुला चावतो का?"

"तू वेगळं वाजवतेस," तो म्हणाला.

"तिथंही मीच वाजवते."

तो टोपी घालून गेला. पावसात त्याची पाठ बघून मला अ‍ॅमॉसची आठवण झाली.

दुसऱ्या आठवड्यात नेस्टा जरा बरी होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं विश्वास ठेवला नाही. "घरी तर चुकत नाही," म्हणाली. रूबेन उभा राहिला, मी वाजवलं, त्यानं अचूक उचललं. मी हात थांबवले. मी या वेळी कान देऊन बसले होते म्हणून असेल, मला कळलं की त्याच्या सुराच्या अगदी आधी खोलीत काहीतरी वाजलं होतं. कोचावरून. सूं असा नाकातून घेतलेला एक लांब श्वास.

"नेस्टा," मी म्हटलं, "आता नाक धर."

"काय?"

"नाक धर चिमटीत. आणि तोंड मीट. विचारू नकोस."

तिनं नाक धरलं. मी वाजवलं. जागा आली, जागा गेली, आणि रूबेन ग्विलियम, परगण्यातला पहिल्या नंबरचा गायक, चुकलेल्या वासरासारखा कोचाकडे बघत उभा राहिला.

घोडं कुठं पेंड खात होतं ते तिघांनाही एकाच वेळी कळलं. नेस्टा वाजवताना गाणाऱ्याबरोबर श्वास घ्यायची, सगळेच चांगले वाजवणारे घेतात. हिचा मोठा. आणि या माणसानं आयुष्यभर एकदाही काही मोजलं नव्हतं. ती श्वास घेई, तो गाई. ती हे सिग्नल म्हणून देत नव्हती आणि तो घेतोय हे त्याला माहीत नव्हतं.

"म्हणजे तीस वर्षं," नेस्टा म्हणाली, "हा माणूस माझ्या नाकावर गातोय."

मी हसायला लागले ते थांबेचना. तीही हसत होती, रूबेनसुद्धा हसला. मग तिनं स्वतःच्या नाकाला बोट लावलं. तिच्या मनात जे आलं ते माझ्याही मनात आलं होतं. ते नाक उन्हाळ्यापर्यंतच होतं.

मग आम्ही काय काय केलं ते आता सांगतानाही लाज वाटते. मी नेस्टासारखा श्वास घ्यायला शिकले. रूबेन म्हणाला, "गाय शिंकल्यासारखं वाटतं," आणि गायचाच थांबला. पायानं ठेका धरायला लावला तर पाय एकीकडे आणि गाणं एकीकडे. खिशात वाटाणे घालून एकेक सरकवायला सांगितले, तर गाणं संपेपर्यंत तो वाटाण्यांचा भाव सांगायला लागला. घरी नेस्टा खोलीत असली की सगळं सुरळीत, ती मागच्या खोलीत झोपलेली असली की पालथ्या घड्यावर पाणी. तिनं शांत श्वास घ्यायचा प्रयत्न केला तरी त्याला तो ऐकू यायचाच. भिंतीवर डोकं आपटायची माझ्यावर वेळ आली.

"सोडून दे," तो एकदा मला म्हणाला. नेस्टा झोपली होती आणि आम्ही स्वयंपाकघरात होतो. "ती आहे तोवर तिच्यासमोर म्हणतो. पुढं काय करायचंय म्हणून?"

"पुढं तू जगायचंयस, गाढवा."

"ते माझं मी बघीन."

"अ‍ॅमॉसनं बघितलं तसं?"

बापाचं नाव काढलं तसा त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी किटली उचलून चुलीशी गेले. पण पुढच्या गुरुवारी आला. नेस्टानं पाठवला म्हणून आला, हे मला पक्कं माहीत होतं. स्वतःसाठी त्यानं चौकही ओलांडला नसता.

स्पर्धेचा दिवस उजाडला तोवर आम्ही हरलो होतो. ठरलं एवढंच की नेस्टाला पुढच्या रांगांमध्ये बसवायचं. ती श्वास घेईल, तो गाईल, लोक टाळ्या वाजवतील. पुढचं पुढं. मला हे पटत नव्हतं, पण दुसरं काय हातात होतं?

रूबेननं तिला दुकानाच्या गाडीतून मार्केट हॉलपर्यंत आणलं. पोत्यांच्या जागी गादी घातली होती. दोघा शेजाऱ्यांनी तिला खुर्चीसकट उचलून तिसऱ्या रांगेत ठेवलं, आणि ती राणीसारखी सगळ्यांना मान डोलवत बसली. निळी टोपी, मानेला माझी शाल. आमचा गट सुरू झाला. धाकटा बिडल गायला, मग बँकेतला माणूस, मग पलीकडच्या पंथाचा एक चर्चवाला, ज्यानं त्या बिचाऱ्या मरणाऱ्याला इतका सावकाश नेला की तो फाटकापाशी पोचायच्या आधीच दोनदा मेला असता. परीक्षक बाई वुस्टरहून आल्या होत्या, टेबलाशी बसून लिहीत होत्या.

रूबेनच्या आधीचा गाणारा चढला तेव्हा नेस्टानं मला खूण केली. रूबेन पडद्यामागे होता. मी तिच्याजवळ गेले.

"मला बाहेर घेऊन चल," ती म्हणाली.

मला वाटलं तिला दुखतंय. "डॉक्टरांना..."

"डॉक्टर नकोत. गाडीत बसव. त्याला सांगू नकोस."

मला दोन क्षण लागले. मग माझा असा संताप झाला की आवाज खाली ठेवणं जमेना. "तू ऐकणार नाहीस? जानेवारीपासून आपण तिघं मरतोय ते कशासाठी? तुला हे परत ऐकायला मिळेल की नाही याचा भरवसा नाही, आणि तू पोत्यांच्या गाडीत जाऊन बसणार?"

"मी ऐकावं म्हणून नव्हतंच ते, हिल्डा."

"तो उभा राहील आणि गप्प राहील. सगळ्या गावासमोर. तुला बघवेल ते?"

"बघायला मी नसेन," ती म्हणाली, आणि मग तिनं माझी बाही धरली. "मला ऐकायचंय गं. एवढं ऐकायचंय की विचारू नकोस. पण मी खोलीत असले तर श्वास घेईनच. तो माझ्या हातात नाही."

त्या दोघा शेजाऱ्यांना बोलावलं. त्यांनी ती खुर्ची उचलली आणि बाजूच्या दारानं बाहेर नेली. तिच्या मानेवरची शाल तेवढी घसरून शेजारच्या बाकावर राहिली. मी पियानोशी जाऊन बसले.

रूबेन आला. टाळ्या झाल्या, आमच्या गावात त्याला आधीच टाळ्या मिळतात. त्यानं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. शाल दिसली, खुर्ची दिसेना. त्याला वाटलं असेल कुणीतरी मध्ये बसलंय. मी सुरुवात वाजवली.

जागा आली. गेली.

तो त्या शालीकडे बघत होता. मी थांबले नाही. सुरुवात पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतली, तोंडावर असा भाव ठेवून की मास्तरानं ती दोनदाच लिहिली आहे. जागा पुन्हा आली, पुन्हा गेली. मागे कुणीतरी खोकलं. परीक्षक बाईंनी कागदावरून मान वर केली. रूबेननं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत प्रश्न होता, ती कुठं आहे. मी दाराकडे बघितलं. त्यानंही बघितलं. मी तिसऱ्यांदा सुरुवात वाजवायला लागले, आणि मनात देवाला असं काही सुनावलं जे चॅपलच्या ऑर्गनवर बसणाऱ्या बाईनं सुनावू नये.

त्याला कळलं. ते त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. बायको आजारी पडून बाहेर गेलेली नाही, मुद्दाम उठून गेली आहे, आणि का गेली आहे. क्षणभर वाटलं की हा आता खाली उतरून तिच्यामागे जाणार. एक पाऊल त्यानं टाकलंही होतं. मग ते पाऊल त्यानं मागे घेतलं, दोन्ही पाय रोवले, आणि श्वास घेतला.

देवा, काय तो श्वास. लोहाराचा भाता बरा. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला असेल. आणि त्याच्या मागोमाग सूर आला, नेमक्या जागेवर. कुणाचाही उसना घेतलेला नव्हता तो. पुढच्या प्रत्येक ओळीआधी तसाच श्वास, तसाच मोठा. फाटकापर्यंत ये, पुढे येऊ नकोस. ते शब्द मी तीन महिने दर गुरुवारी ऐकत होते, पण त्या दिवशी वाजवताना मला कागद दिसेनासा झाला. बरं झालं, मला गाणं पाठ होतं.

संपल्यावर तो वाकून नमस्कार करायलाही थांबला नाही, सरळ बाजूच्या दारानं बाहेर. मीही पियानो सोडून त्याच्यामागे. परीक्षक बाईंचं बोलणं ऐकायला कुणीतरी थांबायला हवं होतं, पण माझी शिकवणी मी बहुतेक वेळा अर्धवटच सोडते असं लोक म्हणतातच.

गाडी गुरांच्या आवाराजवळ उभी होती. काचा वर. नेस्टा गादीवर ताठ बसली होती आणि दोन्ही हातांनी कान दाबून धरले होते. रूबेननं दार उघडलं. तिनं हात खाली घेतले आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिला विचारायचं धाडस होईना, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"आलो," तो म्हणाला.

"गाणं म्हणून आलास की पळून आलास?"

"म्हणून."

"सगळं?"

"तिन्ही कडवी."

मग ती रडली. तो गाडीच्या पायरीवर बसला आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. मी आवारातल्या मेंढ्यांकडे बघत उभी राहिले, कारण दुसरीकडे कुठं बघणार?

थोड्या वेळानं तो म्हणाला, "म्हातारे, तू ऐकलं नाहीस. आता म्हणतो."

"इथं नको. मेंढ्या बिथरतील. घरी म्हण."

दुसरा नंबर आला. पहिला धाकट्या बिडलला. परीक्षक बाईंनी कागदावर लिहिलं होतं की आवाज थोर आहे, शब्द मनापासून आले, पण गायकाचा श्वास फार मोठ्यानं ऐकू येतो, त्यावर काम करावं. नेस्टानं तो कागद काचेत बसवून घेतला आणि पुढच्या खोलीत लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते वाक्य वाचून दाखवायची.

त्या रात्री आणि पुढं बऱ्याच संध्याकाळी त्यानं तिला ते गाणं म्हणून दाखवलं, पियानोशिवाय. ती हळू श्वास घ्यायची आणि तो स्वतःचा घ्यायचा. गुरुवारी तो माझ्याकडे यायचा, जुनी गाणी म्हणायचा, चुकायचा, पुन्हा उचलायचा. नंतर चहाला बसून बोलायचा. एवढं बोलायचा की मला भाजी करपल्याचा वासही यायचा नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी ओट कापायला सुरुवात झाली त्या आठवड्यात नेस्टा गेली. दुपारी, झोपेत.

चॅपल भरून माणसं आली होती. सगळ्यांना वाटत होतं तो ते गाणं म्हणेल. पाद्रीबाबांनी मला आधीच विचारून ठेवलं होतं, आणि मी कागद घेऊन बसले होते. वेळ आली तशी मी रूबेनकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. नाही. ते गाणं नाहीच, पण स्तोत्रं चालू असतानाही त्यानं तोंड उघडलं नाही. सगळे उभे राहून गात होते आणि हा पुस्तक मिटून उभा. मी स्वतःशी म्हटलं, हिल्डा, संपलं. तिनं एवढं केलं आणि शेवटी खुर्चीच जिंकली.

दफन झाल्यावर लोक त्याच्या घरी हॅम आणि चहाला आले. तो बापाच्या खुर्चीत बसला होता. कुणी काही बोललं की मान हलवत होता. मी त्याला सँडविचची ताटली दिली तर ताटली हातात धरून तसाच. मी लवकर निघाले. मला तिथं बसवेना.

गुरुवार आला. दुपारी दुकानं बंद झाली. मी ठरवलं होतं की पियानोकडे बघायचं नाही, आणि आलुबुखारांचा मुरांबा घालायला घेतला. हात चिकट, डोळे चिकट, स्वतःवरच चिडलेली. आणि दारावर थाप पडली.

रूबेन होता. टोपी हातात. काखेत गाण्याचा एक नवा कोरा कागद, हेरफर्डच्या दुकानाच्या पिशवीसकट. म्हणजे हा माणूस सकाळच्या बसनं हेरफर्डला जाऊन आला होता. तो बसनं कुठं गेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

"काय आहे हे?" मी म्हटलं.

"गाणं."

"ते दिसतंय मला. कुठलं?"

"ठाऊक नाही. एका गिरणीवाल्याचं आहे. दुकानातल्या बाई म्हणाल्या गमतीचं आहे." त्यानं कागद पिशवीतून बाहेर काढला. मग म्हणाला, "हे नेस्टाबरोबर कधी म्हटलेलं नाही."

मी मुरांब्याचे हात अ‍ॅप्रनला पुसत उभी राहिले. विचारल्याशिवाय मला राहवेना. "आणि ते? फाटकाचं?"

"ते तिचं होतं. ते तिच्याबरोबर गेलं." त्यानं कागद पियानोवर ठेवला आणि सरळ करायला लागला, सरळ असूनही. "चॅपलमध्ये म्हणणार नव्हतो म्हणून तू चिडलीस. मी बघितलं. तिथं सगळे रडले असते आणि मला त्यांचे श्वास ऐकू आले असते. मला कुणाचे नको होते."

मला हे सांगायला हरकत नाही की मी त्याच्यासमोर रडले, मुरांब्यासकट. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला आणि माझं होईपर्यंत थांबला. मग मी हात धुतले, बसले, कागद उघडला. गमतीचं कसलं, बोटं मोडतील असं अवघड होतं. मी डाव्या हातानं चाचपडत सुरुवात वाजवायला घेतली.

मागे त्यानं श्वास घेतल्याचा आवाज आला, आणि तो एक अख्खी ओळ आधीच सुरू झाला. मी थांबले नाही. मधली ओळ सोडून दिली आणि पुढं धावत जाऊन त्याला गाठलं.